बेंझॉइल पेरॉक्साइड

बेंझॉइल पेरॉक्साइड : कार्बनी पेरॉक्साइडांच्या वर्गातील एक महत्त्वाचे संयुग. डायबेंझॉइल पेरॉक्साइड हे याचे दुसरे नाव आहे. ज्यांच्या रेणूत ऑक्सिजनाचे दोन अणू एकमेकांना थेट जोडलेले असतात व त्या जोडीच्या एका किंवा दोन्ही बाजूंना कार्बनी गट असतात, अशा संयुगांना कार्बनी पेरॉक्साइडे म्हणतात. हायड्रोजन पेरॉक्साइडाच्या रेणूतील दोन्ही हायड्रोजन अणूंच्या जागी बेंझॉइल गट (बेंझॉइक अम्लाच्या रेणूतून हायड्रॉक्सिल गट वगळला असता उरणारा अणुसमूह) आले म्हणजे बेंझॉइल पेरॉक्साइड मिळते. याच्या रेणूत कार्बनाचे १४, हायड्रोजनाचे १० व ऑक्सिजनाचे ४ अणू असतात, रेणुभार २४२.२३. प्लॅस्टिके व रेझिने यांच्या निर्मितीत विक्रियेचा प्रारंभक म्हणून, मैद्याचा विरंजक (रंग नाहीसा करणारा पदार्थ) म्हणून आणि तारुण्यपीटिकांवरील (मुरमांवरील) औषध म्हणून ते वापरले जाते. हे तिन्ही उपयोग वरवर पाहता एकमेकांपासून फार दूरचे वाटतात. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी रेणूतील ऑक्सिजन-ऑक्सिजन बंधाचा दुबळेपणा हाच एक गुणधर्म आहे. हे संयुग धोकादायक ठरते तेही याच गुणधर्मामुळे.

इतिहास : ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ सर बेंजामिन कॉलिन्स ब्रॉडी (१८१७–८०) यांनी बेंझॉइल क्लोराइडावर बेरियम पेरॉक्साइडाची विक्रिया करून हे संयुग प्रथम तयार केले व १८५८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हेतुपुरस्सर तयार करण्यात आलेले हे पहिले कार्बनी पेरॉक्साइड मानले जाते. त्यानंतर सु. अर्धशतक ते केवळ प्रयोगशाळेतील एक कुतूहलाचा विषय होते. १९०५ मध्ये अमेरिकन औषधिक्रियावैज्ञानिक ए. एस. लोव्हेनहार्ट यांनी त्याच्या औषधी गुणांकडे लक्ष वेधले. १९१५ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ इव्हान ऑस्ट्रोमिस्लेन्स्की यांनी गंधकाशिवाय केवळ बेंझॉइल पेरॉक्साइडाच्या साहाय्याने रबराचे व्हल्कनीकरण (कच्चे रबर टिकाऊ व लवचिक बनविण्याची क्रिया) करता येते, असे दाखवून दिले. पुढे पिठाच्या व चरबीच्या विरंजनासाठी त्याचे औद्योगिक उत्पादन होऊ लागले. मात्र त्याच्या क्रियेचे खरे स्वरूप १९३०–४० या दशकातच उलगडले. विद्रावातील त्याच्या विक्रियांत अल्पजीवी मुक्त मूलके (विषम इलेक्ट्रॉन असलेले व त्यामुळे अतिशय क्रियाशील असे अणुसमूह) निर्माण होतात, असे प्रतिपादन डी. एच. हे व डब्ल्यू. ए. वॉटर्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये केले. याच काळात बहुवारिकांचा (अनेक लहान रेणू एकापुढे एक जोडले जाऊन बनलेल्या प्रचंड रेणूंच्या संयुगांचा) उद्योग उभा राहत होता व त्याला अशा मूलकांच्या हुकमी उगमाची आवश्यकता होती. त्यामुळे बेंझॉइल पेरॉक्साइडाला एकाएकी महत्त्व प्राप्त झाले.

निर्मिती : हायड्रोजन पेरॉक्साइडाच्या जलीय विद्रावात दाहक सोडा मिसळून त्यात बेंझॉइल क्लोराइड सावकाश सोडल्यास बेंझॉइल पेरॉक्साइड तयार होते व ते पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असल्यामुळे पांढऱ्या साक्याच्या रूपाने वेगळे होते. विक्रियेत मीठ व पाणी ही उपफले मिळतात. विक्रिया उष्णतादायी असल्याने मिश्रण सतत ढवळून थंड ठेवावे लागते. साका गाळून पाण्याने धुतात. परंतु व्यापारी मालासाठी तो सहसा पूर्णपणे वाळवीत नाहीत. ओला चुरा किंवा एखाद्या तैलयुक्त द्रवात कालवून केलेली लुगदी या स्वरूपांतच बहुतेक माल विकला जातो.

भौतिक गुणधर्म : शुद्ध बेंझॉइल पेरॉक्साइड वर्णहीन स्फटिकांच्या किंवा पांढऱ्या दाणेदार चूर्णाच्या स्वरूपात असते. त्याला बेंझाल्डिहाइडाची (कडू बदामाच्या तेलासारखी) मंद छटा असलेला वास येतो. त्याची घनता १.३३ आहे. ते पाण्यात अत्यल्प व अल्कोहॉलात थोडे विरघळते. बेंझीन, क्लोरोफॉर्म, ॲसिटोन व ईथर यांत चांगले विरघळते. वितळबिंदू १०३°–१०६° से. असा दिला जातो. तथापि या तापमानाला ते नुसते वितळत नाही, तर त्याचे अपघटन (घटक द्रव्ये अलग होण्याची क्रिया) होते व पुरेसा साठा असल्यास किंवा तो बंदिस्त असल्यास स्फोट होतो. म्हणून बर्फ किंवा मेण यांच्या वितळबिंदूसारखा या आकड्याचा अर्थ घेऊन चालत नाही. हा पदार्थ वितळवून पाहण्याचा नव्हे, हीच सूचना त्यातून घ्यावयाची असते.

रासायनिक गुणधर्म : ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध तोडण्यास दर मोलामागे (ग्रॅममध्ये मोजलेल्या रेणुभारामागे) सु. १२५ किलोजूल एवढीच ऊर्जा पुरते. कार्बन-कार्बन एकेरी बंधास याच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा लागते. त्यामुळे बेंझॉइल पेरॉक्साइड साधारण तापविले तरी हा बंध नेमका मध्ये तुटतो व रेणूचे दोन सारखे अर्ध होतात. प्रत्येक अर्धाकडे बंधातील एकेक इलेक्ट्रॉन जातो. अशा रीतीने मिळालेली बेंझॉइलॉक्सी मूलके लगेच दुसऱ्या रेणूवर हल्ला करतात किंवा कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकून फिनिल मूलकांत रूपांतरित होतात. फिनिल मूलकाने आसपासच्या एखाद्या रेणूतून हायड्रोजन अणू खेचून घेतला, तर बेंझीन तयार होते. या शेवटच्या विक्रियेला औषधांच्या संदर्भात अलीकडे बरेच महत्त्व आले आहे.

अपघटनाचा वेग तापमानानुसार झपाट्याने वाढतो. बेंझिनातील विरल विद्रावात निम्मे पेरॉक्साइड अपघटित होण्यास (अर्धायुष्य) सु. ७३° से.ला १० तास लागतात, सु. ९२° से.ला एक तास लागतो, तर सु. १३१° से.ला एक मिनिट पुरते. कोठीच्या तापमानाला याच पदार्थाचे विरल मिश्रण महिनोनमहिने टिकते. आवश्यक तेव्हा तापवून इष्ट वेगाने मूलके मिळविता येणे आणि एरवी तो पदार्थ साठविता येणे, या दोन गोष्टींचा मेळ येथे बसतो. प्रारंभक म्हणून याला पसंती मिळण्याचे कारण हेच होय.

तापमानाखेरीज सान्निध्यातील पदार्थांचाही वेगावर परिणाम होतो. ईथर व अल्कोहॉल यांसारख्या विद्रावकांत निर्माण झालेली मूलके उरलेल्या पेरॉक्साइडावरच हल्ला करतात व अपघटन अधिक वेगाने होते. तृतीयक ॲमिनांच्या, विशेषतः डायमिथिल ॲनिलिनाच्या, सान्निध्यात ते सामान्य तापमानालाच घडून येते. विरल मिश्रणात ही गोष्ट उपयोगी पडते; पण शुद्ध पेरॉक्साइडावर असे ॲमीन पडल्यास पेट किंवा स्फोट अटळ समजावा.

बेंझॉइल पेरॉक्साइड ऑक्सिडीकारक आहे. रेणूत क्रियाशील ऑक्सिजनाचे (ऑक्सिडीकरणासाठी उपलब्ध होणाऱ्या ऑक्सिजनाचे) सैद्धांतिक प्रमाण सु. ६.६ टक्के आहे. पोटॅशियम आयोडाइडाच्या अम्लीय विद्रावातून ते आयोडीन मुक्त करते. मुक्त झालेल्या आयोडिनाचे सोडियम थायोसल्फेटाने अनुमापन करून नमुन्यातील पेरॉक्साइडाचे प्रमाण ठरवितात. सोडियम मिथॉक्साइडाच्या विक्रियेने त्यापासून परबेंझॉइक अम्ल मिळविता येते. ऑक्सिडीकरण पूर्ण झाल्यावर मागे सामान्यतः बेंझॉइक अम्ल उरते.

उपयोग : (१) बहुवारिकीकरण : स्टायरीन, मिथिल मेथाक्रिलेट यांसारख्या एकवारिकांच्या (ज्यांपासून बहुवारिक बनते त्या साध्या रेणूंच्या) द्विबंधावर बेंझॉइल पेरॉक्साइडापासून मिळालेले मूलक बसते. त्यामुळे त्या रेणूच्या दुसऱ्या टोकास विषम इलेक्ट्रॉन येतो व ते टोक पुढचा रेणू पकडते. ही साखळी दोन वाढती टोके एकमेकांस मिळेपर्यंत चालू राहते. एका मूलकामागे शेकडो ते हजारो एकवारिक रेणू जोडले जात असल्याने प्रारंभक अत्यल्प, बहुधा १ टक्क्याहूनही कमी, लागतो. प्रारंभकाचे तुकडे साखळीच्या टोकांशी कायमचे जोडले जातात; म्हणून काटेकोरपणे पाहिल्यास त्याला उत्प्रेरक म्हणणे बरोबर नाही, कारण उत्प्रेरक विक्रियेअखेर मूळ रूपात परत मिळतो. व्यवहारात मात्र तो शब्द रूढ आहे.

काचतंतूंनी बळकट केलेल्या वस्तूंसाठी लागणाऱ्या असंतृप्त पॉलिएस्टर रेझिनांना कठीणपणा आणण्यासाठी हे पेरॉक्साइड वापरतात. मोटारींच्या पत्र्यातील पोचे भरण्यासाठी जी पॉलिएस्टर लांबी (पुट्टी) वापरली जाते, तिच्यासोबत मिळणाऱ्या छोट्या नळीतील रंगीत लुगदीत बहुधा हेच असते. लांबीत आधीच मिसळलेल्या ॲमिनामुळे ती तापविल्याविना काही मिनिटांत घट्ट होते. लुगदीला रंग देण्याचा हेतू मिश्रण एकजीव झाले की नाही हे डोळ्यांना कळावे, हा असतो. काही सिलिकोन रबरांच्या व्हल्कनीकरणातही हे पेरॉक्साइड किंवा त्याचे क्लोरीनयुक्त अनुजात वापरतात.

दातांची कवळी तयार करण्याच्या पद्धतीत याच विक्रियेचे नियंत्रण किती महत्त्वाचे असते, हे चांगले दिसते. पॉलिमिथिल मेथाक्रिलेटाची भुकटी व मिथिल मेथाक्रिलेट हा द्रव कालवून केलेली कणीक साच्यात दाबतात. भुकटीत थोडे बेंझॉइल पेरॉक्साइड असते. साचा पाण्यात ठेवून सु. ७४° से.पर्यंत तापवितात व ते तापमान काही तास टिकवितात. काही पद्धतींत अखेरीस पाणी उकळीपर्यंत नेतात. एकवारिक द्रव सु. १०१° से.ला उकळतो. विक्रियेतून निघणाऱ्या उष्णतेने साच्याचा अंतर्भाग पाण्याहून अधिक तापतो. म्हणून घाईने तापविल्यास द्रव आतल्या आत उकळतो, कवळीत बुडबुडे राहतात व ती ठिसूळ होते. तापविणे अपुरे झाल्यास न जोडला गेलेला द्रव मागे राहून हिरड्यांचा दाह होऊ शकतो.

खुब्याचा कृत्रिम सांधा हाडात बसविण्यासाठी ब्रिटिश शल्यचिकित्सक जॉन चार्नली (१९११–८२) यांनी १९५८ पासून वापरात आणलेले ॲक्रिलिक ‘सिमेंट’ याच जातीचे आहे. त्याच्या भुकटीत बेंझॉइल पेरॉक्साइड, तर द्रवात डायमिथिल टोल्युइडीन हे ॲमीन व द्रव साठ्यातच घट्ट होऊ नये म्हणून अल्पसे हायड्रोक्विनोन असते. शस्त्रक्रियागृहात दोन्ही मिसळल्यावर काही मिनिटांतच ते घट्ट होते. या वेळी निघणारी उष्णता हाडाला इजा करणार नाही इतपत मर्यादित ठेवणे, ही या पदार्थाच्या वापरातील एक अडचण आहे.

(२) पिठाचे विरंजन : नुकत्याच दळलेल्या गव्हाच्या मैद्यात कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे पिवळसर छटा असते. मैदा काही आठवडे साठविल्यास हवेतील ऑक्सिजनामुळे ती आपोआप फिकी होते. बेंझॉइल पेरॉक्साइड मिसळल्यास हेच काम एकदोन दिवसांत होते. त्यासाठी ते स्टार्च, कॅल्शियम फॉस्फेट यांसारख्या निष्क्रिय चूर्णात विरल करून वापरतात. त्याची क्रिया रंगापुरतीच असते. पिठाच्या मळण्याच्या अथवा फुगण्याच्या गुणांत त्यामुळे विशेष सुधारणा होत नाही. ऑक्सिडीकरणानंतर पिठात बेंझॉइक अम्लाचा लेश राहतो. काही देशांत चीज तयार करताना उरणाऱ्या निवळीचा रंग घालविण्यासाठीही ते वापरतात.

या उपयोगाविषयी देशोदेशींची धोरणे भिन्न आहेत. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत पिठातील त्याची कमाल मर्यादा दर किग्रॅ.मागे ७५ मिग्रॅ. दिलेली आहे. अमेरिकेत त्याच्या वापरास परवानगी आहे. यूरोपीय संघात पिठासाठी ते वापरता येत नाही. चीनमध्ये १ मे २०११ पासून त्यावर बंदी आली. पीठ पांढरे करण्याची तांत्रिक गरज उरलेली नाही, असे कारण त्या वेळी देण्यात आले. भारतात २०११ च्या अन्न सुरक्षाविषयक विनियमांत बेकरीसाठीच्या मैद्यापुरती व मर्यादित प्रमाणात परवानगी देण्यात आली. या मतभेदात विषारीपणाइतकाच दुसराही एक प्रश्न गुंतलेला आहे : केवळ पांढऱ्या रंगाच्या आवडीखातर अन्नात एखादा रासायनिक पदार्थ घालणे कितपत समर्थनीय आहे? पोषणाच्या दृष्टीने पांढरेपणाला काही मोल नाही; तो शुद्धतेचा पुरावाही नव्हे.

(३) औषधी उपयोग : तारुण्यपीटिकांवर त्वचेला लावण्याच्या औषधांत बेंझॉइल पेरॉक्साइडाला प्रमुख स्थान आहे. कॅनडातील विल्यम पेस यांनी बेंझॉइल पेरॉक्साइड व गंधक यांच्या मलमाचे अनुभव १९६५ मध्ये प्रसिद्ध केल्यावर त्याचा प्रसार वाढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. पीटिकांच्या निर्मितीत भाग घेणारे सूक्ष्मजंतू त्वक्‌-स्नेह ग्रंथींच्या बुजलेल्या तोंडांमागे, जेथे ऑक्सिजन कमी असतो, तेथे वाढतात. पेरॉक्साइड तेथे पोहोचून मूलके व क्रियाशील ऑक्सिजन निर्माण करते आणि जंतूंच्या प्रथिनांवर हल्ला करते. शिवाय त्यामुळे त्वचेच्या वरच्या थराचे पापुद्रे सुटतात व बुजलेली तोंडे मोकळी होण्यास मदत होते.

हा हल्ला एखाद्या विशिष्ट एंझाइमापुरता मर्यादित नसल्याने जंतूंना त्याविरुद्ध प्रतिकारक्षमता मिळविणे अवघड जाते व प्रदीर्घ वापरानंतरही ती आढळून आलेली नाही. प्रतिजैव (अँटिबायॉटिक) औषधांबाबत नेमके उलट घडते. म्हणून क्लिंडामायसिनासारखे प्रतिजैव औषध त्वचेवर लावावयाचे असल्यास ते एकटे न देता सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड देण्याची पद्धत आहे.

औषध २.५, ५ व १० टक्के अशा तीव्रतांत मिळते. २.५ टक्क्यांचे औषध अधिक तीव्र औषधाइतकेच गुणकारी ठरते व त्याने दाह कमी होतो, असे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तौलनिक अभ्यासात आढळले. म्हणून अधिक तीव्र म्हणजे अधिक चांगले, ही समजूत येथे लागू पडत नाही. त्वचा कोरडी पडणे, लालसर होणे व सोलवटणे हे नेहमीचे उपद्रव होत. काही व्यक्तींत ॲलर्जीही संभवते. केस, उशीचे अभ्रे व रंगीत टॉवेल यांचा रंग या औषधाने उडतो. त्वचेतून शोषले जाताना त्याचे बेंझॉइक अम्ल बनते व ते मूत्रावाटे बाहेर टाकले जाते.

सुरक्षिततेचा प्रश्न : अन्य द्रव्याने आधीच बाधित केलेल्या उंदरांच्या त्वचेवर बेंझॉइल पेरॉक्साइड लावल्यास अर्बुदांच्या (गाठींच्या) वाढीस चालना मिळते, असे १९८१ मध्ये आढळले. त्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९१ मध्ये या औषधाविषयी अधिक पुरावा मागविला व तो तपासून २०१० मध्ये ते सुरक्षित व गुणकारी असल्याचा निर्णय दिला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९९ मध्ये त्याची गणना, मानवात कर्करोगकारक आहे की नाही हे ठरविता येत नाही, अशा गटात केली.

२०२४ मध्ये एका स्वतंत्र प्रयोगशाळेने या औषधांत बेंझीन हे निश्चित कर्करोगकारक द्रव्य आढळत असल्याचे व उष्ण जागी साठविल्यास ते वाढत असल्याचे निदर्शनास आणले. बेंझीन येथे बाहेरून मिसळलेली अशुद्धी म्हणून येत नाही. वर वर्णिलेल्या फिनिल मूलकाच्या विक्रियेने ते औषधातच तयार होऊ शकते. अमेरिकन प्रशासनाने ९५ उत्पादने तपासून मार्च २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेंझीन आढळले नाही किंवा अत्यल्प आढळले. मोजकी उत्पादने बाजारातून मागे घेण्यात आली. दीर्घकाळ वापर करूनही यामुळे कर्करोग होण्याचा धोका फारच कमी आहे, असे मत प्रशासनाने नोंदविले. तथापि अपघटनाचा वेग तापमानाबरोबर वाढत असल्यामुळे हे औषध थंड जागी ठेवणे, उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत किंवा खिडकीपाशी न ठेवणे आणि मुदत संपलेले औषध टाकून देणे, ही काळजी उष्ण हवामानाच्या प्रदेशांत अधिकच अगत्याची ठरते.

धोके व हाताळणी : कोरडे बेंझॉइल पेरॉक्साइड उष्णता, घर्षण, आघात व ठिणगी यांना संवेदनशील असते. एकदा अपघटन सुरू झाले की निघालेल्या उष्णतेने ते अधिक जलद होते व वायू आणि दाट धूर निर्माण होतात. ज्वलनास लागणाऱ्या ऑक्सिजनाचा काही भाग रेणूतच असल्याने केवळ हवा तोडून आग आटोक्यात येईलच असे नाही. भरपूर पाणी व तेही दुरून मारणे हा उपाय होय. अमेरिकेतील ओहायओ राज्यात ग्नाडेनहटन येथील एका कारखान्यात २ जानेवारी २००३ रोजी निर्वात शुष्ककात वाळविण्यासाठी ठेवलेल्या सु. ९० किग्रॅ. बेंझॉइल पेरॉक्साइडाचा स्फोट झाला व इमारतीची हानी झाली. ओल्या स्वरूपात तुलनेने निरुपद्रवी असलेला हा पदार्थ वाळत जातो तसा धोकादायक कसा होत जातो, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

म्हणून व्यापारी मालात पाणी किंवा थॅलेट एस्टरांसारखा शामक द्रव मुद्दाम ठेवतात. साठा थंड, हवेशीर व वेगळ्या कोठीत, मूळ वेष्टनातच ठेवावा. ॲमिने, गतिवर्धके, तीव्र अम्ले, धातूंची लवणे व सहज पेटणारे पदार्थ यांपासून तो दूर असावा. डबा उघडा राहून माल वाळू देऊ नये. पेचाच्या झाकणाच्या काचेच्या बाटल्या वापरू नयेत, कारण आट्यांत अडकलेले स्फटिक घर्षणाने पेटू शकतात. माल घेताना धातूचा चमचा वापरू नये व एकदा बाहेर काढलेला माल पुन्हा डब्यात टाकू नये. सांडलेला पदार्थ झाडून गोळा न करता ओल्या निष्क्रिय द्रव्यात मिसळून उचलावा. नको असलेला अल्प साठा नष्ट करण्यासाठी तो दाहक सोड्याच्या थंड, विरल व विपुल विद्रावात थोडाथोडा सोडून ढवळतात; त्यामुळे त्याचे निरुपद्रवी सोडियम बेंझोएटात रूपांतर होते. हे काम प्रशिक्षित व्यक्तींनीच करावयाचे असते.